मनगटावरचे सत्तरचे दशक

एका बैठकीनंतर निरोप घेताना समोरच्या गृहस्थांची नजर माझ्या मनगटावर अडकली. घड्याळांची त्यांना चांगली जाण असावी, कारण त्यांनी आधी पट्टा पाहिला, मग तबकडी पाहिली आणि सर्वांत शेवटी त्यावरचे नाव वाचले. ज्याला फक्त किंमत जोखायची असते तो बरोबर उलट्या क्रमाने पाहतो. ‘बघू का जरा?’ असे त्यांनी विचारल्यावर मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटे केले, पाठीच्या काचेतून आतला रोटर, म्हणजे हात हलला की फिरून स्प्रिंग भरणारे चाक, फिरताना पाहिला, पट्ट्याच्या कड्यांवरून अंगठा फिरवला आणि परत देताना म्हणाले, ‘छान आहे हो. रॉयल ओक परवडत नसेल, तर हे अगदी ठीक आहे.’ त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. उलट, एका जाणकाराने दुसऱ्याला द्यावी तशी ती दाद होती आणि मीही हसून ती स्वीकारली.

तरीही ते वाक्य मनात राहिले. रॉयल ओक म्हणजे माझ्या घड्याळासारख्याच घडणीचे, पण फार महाग घड्याळ. घड्याळ स्वस्तातले आहे, याचे मला काही वाटत नाही; माझ्या आवाक्यात होते म्हणूनच ते माझ्याकडे आले. खटकले ते हे, की त्या एका वाक्यात माझ्या घड्याळाला स्वतःचे असे काही उरलेच नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी जागी, दुसरे कोणी मिळेपर्यंत बसलेले ठरले. टिसॉट या स्विस कंपनीचे पीआरएक्स, ३५ मिलिमीटरचे, गडद निळ्या तबकडीचे आणि सेल नसलेले हे घड्याळ मी रोज वापरते. सकाळी ते हातात चढवताना मला कधीही दुसऱ्या घड्याळाची आठवण होत नाही. मग पाहणाऱ्याला ती का व्हावी? आणि झाली, तर ती कितपत खरी आहे? हे शोधत मी बरीच मागे गेले.

मागे जायचे म्हणजे १९७२ सालापर्यंत जावे लागते. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या घड्याळ प्रदर्शनात ऑडमार पिगे या कंपनीने रॉयल ओक मांडले, तेव्हा नाके मुरडणारेच अधिक होते. तबकडीभोवतीची अष्टकोनी कडी, तिच्यावर उघडे दिसणारे स्क्रू, ३९ मिलिमीटरचा त्या काळाच्या मानाने दांडगा आकार आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ते साध्या पोलादाचे असूनही अनेक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग होते. त्याचा आराखडा जेराल्ड जेंटा यांचा. एका संध्याकाळी फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चित्र तयार केले, असे ते स्वतः सांगत असत; पाणबुड्याच्या शिरस्त्राणाची काच जशी स्क्रूंनी आवळलेली असते, त्यावरून ती कडी सुचली, असेही. मला या हकिकतीतली सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात घडवले गेले, कारण इतक्या कडा आणि इतके पैलू पोलादात कापण्यापेक्षा सोन्यात कापणे सोपे होते. ज्या धातूला सगळे साधा समजत होते, त्याच्याशीच झुंजणे कठीण होते, आणि लोक पैसे मोजत होते ते धातूसाठी नव्हे, तर त्यावर झालेल्या कामासाठी.

त्या घड्याळाने एक गोष्ट कायमची बदलली. त्याआधी घड्याळ म्हणजे एक गोल डबी, तिला चार शिंगे आणि त्या शिंगांत अडकवलेला पट्टा, असा मामला असे. पट्टा बदलता येई, तो चामड्याचा की धातूचा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न होता. इथे डबी आणि पट्टा यांच्यातली फटच नाहीशी झाली. डबीच्या खांद्यावरून निघालेली पोलादाची रेषा तशीच उतरत मनगटाखाली जाते, जाताना निमुळती होते आणि पुन्हा वर येऊन तबकडीला मिळते. खेळाच्या मैदानावर चालेल इतके ते दणकट असते आणि कोटाच्या बाहीखाली सरकेल इतके सपाट. पूर्वी या दोन गरजांसाठी दोन घड्याळे लागत.

पुढच्या पाच-सहा वर्षांत हा विचार साऱ्या स्विस घड्याळउद्योगात पसरला. १९७५ मध्ये जिरार-पेरेगोचे लॉरिआटो आले. १९७६ मध्ये जेंटा यांनीच रेखाटलेली पाटेक फिलिपचे नॉटिलस आणि आयडब्ल्यूसीचे इंजेन्यूर एसएल ही घड्याळे आली. १९७७ मध्ये वॅशरॉन कॉन्स्टँटिनचे २२२ आले, जे यॉर्ग हायसेक या तरुण आरेखकाचे काम होते. त्याच वर्षी रोलेक्सने ऑयस्टरक्वार्ट्झ काढले. या सगळ्यांना एका ओळीत मांडून पाहिले, तर कोणी कोणाची नक्कल केली हा प्रश्न हळूहळू अपुरा वाटू लागतो. त्या दशकातल्या मोटारी पाहा, ध्वनिमुद्रण यंत्रे पाहा, खुर्च्या पाहा; सगळीकडे त्याच सपाट पाट्या, त्याच करकरीत कडा आणि कोपऱ्यात किंचित गोलाई. साऱ्या काळाचे डोळेच तसे झाले होते. टिसॉटनेही १९७८ मध्ये आपल्या सीस्टार मालिकेत अशाच घडणीचे, सपाट कडीचे, पट्ट्याशी एकजीव झालेले एक घड्याळ काढले. पीआरएक्स ही अक्षरे तिथून आली आणि २०२१ मध्ये तोच आकार पुन्हा बाजारात आला. म्हणजे माझ्या घड्याळाचा पूर्वज शोधायला परक्या घरात जाण्याची गरज नाही.

पण त्या १९७८ च्या घड्याळात सेल होता.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि पीआरएक्सची तारीफ करणारेही तिच्यावरून घाईने पुढे जातात. आज आपण पाठीच्या काचेतून झुलणारा रोटर पाहतो, तबकडीकडे पाहून ‘सत्तरच्या दशकातली चीज’ असे म्हणतो, आणि नकळत समजतो की तेव्हाही आत असेच चाक झुलत असेल. तसे ते नव्हते. लॉरिआटोही पहिल्यांदा आले ते क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारी स्फटिकाची यंत्रणा घेऊनच. ऑयस्टरक्वार्ट्झच्या तर नावातच ती होती. रॉयल ओक आणि नॉटिलस चावीच्या, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या घराण्यातली खरी, पण पोलादाच्या या करकरीत कडा आणि क्वार्ट्झचा स्फटिक ही एकाच काळातली भावंडे आहेत. उद्याच्या जगात यंत्रे कशी दिसतील, याचे जे चित्र तेव्हाच्या माणसाच्या मनात होते, त्यात आतला सेल आणि बाहेरची सपाट रेषा या दोन्ही एकत्रच बसत होत्या.

त्या चित्राची ओढ मला पुसटशी आठवते, कारण लहानपणी तिचे शेपूट मीही धरले होते. घरात आईचे बारीक सोनेरी चावीचे घड्याळ होते. रात्री दिवा मालवण्याआधी ती ते कानाजवळ नेई, दोन बोटांत चावी धरून मागे-पुढे फिरवी आणि करकर असा बारीक आवाज येई. चावी भरत आली की तो आवाज जाड होई आणि ती तत्क्षणी थांबे. थोरल्या मावसभावाच्या हातात मात्र क्वार्ट्झ असे स्पष्ट लिहिलेले पोलादी घड्याळ होते. त्याचा सेकंद काटा प्रत्येक घरावर ठाम उडी मारून थांबे, आणि बातम्यांच्या ठोक्याशी ते जुळवून पाहिले की काटा नेमका बारावर पोचलेला असे. आम्हा मुलांना त्याच घड्याळाचे वेड होते. आईचे घड्याळ आम्हाला म्हाताऱ्या माणसांचे वाटे. त्याला रोज काहीतरी द्यावे लागे आणि तरीही ते मागे पडे. मावसभावाचे काही मागत नसे आणि चुकतही नसे.

क्वार्ट्झची करामत आजही मला थक्क करते, आणि यांत्रिक घड्याळांच्या प्रेमात पडलेल्या मंडळींनी तिला नावे ठेवावीत हे मला पटत नाही. सीकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी अ‍ॅस्ट्रॉन विकायला काढले, तेव्हा त्याची किंमत ४,५०,००० येन होती, म्हणजे जवळपास एका छोट्या मोटारीइतकी. पण ते महिन्याला पाच सेकंदांच्या आसपासच मागे-पुढे होत असे. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ती संख्या १५ वेळा निम्मी करत गेले की शेवटी एक उरतो. तोच तो सेकंद. शतकानुशतके ज्या अचूकतेसाठी कारागिरांनी डोळे फोडले, ती एका चिमुकल्या स्फटिकाने सहज देऊन टाकली, आणि काही वर्षांतच ती कोणालाही परवडू लागली. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास ९०,००० च्या आसपास लोक घड्याळउद्योगात होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते ३०,००० च्या घरात आले. दोन वाक्यांत मावणाऱ्या या आकड्यांत किती बंद पडलेली दुकाने, किती विकली गेलेली लेथ यंत्रे आणि ऐन पन्नाशीत रिकामे झालेले किती हात आहेत, याचा विचार केला की सत्तरच्या दशकाकडे फक्त कौतुकाने पाहवत नाही.

म्हणूनच माझ्या मनगटावरची गोष्ट मला विलक्षण वाटते. ज्या काळाची ही आठवण आहे, त्या काळाने चावीच्या घड्याळाचा जवळजवळ निकाल लावला होता. आणि त्याच काळाच्या आकारात, त्याच्याच पोलादी अंगरख्यात, आज चावीच्या घराण्यातले यंत्र फिरते आहे. १९७८ मध्ये हे जसेच्या तसे कधीच नव्हते. पाहणाऱ्याला जुने वाटणारे हे घड्याळ खरे तर त्या काळातल्या दोन वैऱ्यांचा समेट आहे, आणि तो घडायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. जुन्याची हुबेहूब प्रत काढायची असती तर सेल घालून काम भागले असते. २०२१ मध्ये आधी सेलचेच पीआरएक्स आले आणि मागाहून हे. सेलचे स्वस्तही आहे आणि वेळ दाखवण्यात सरसही. तरीही लोक हे मागतात, मीही मागितले.

का मागितले, हे हातात घेतल्यावर जास्त कळते. तबकडीवर बारीक चौकटींची उठावदार जाळी आहे, चौकटीच्या वहीचे पान कोणीतरी निळ्या धातूवर दाबून काढावे तशी. दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ हात नेला की प्रत्येक चौकट आपापला उजेड पकडते आणि निळा रंग उमलतो. खोलीच्या आतल्या बाजूला वळले की तीच तबकडी जवळजवळ काळी होते आणि फक्त काट्यांच्या कडा चकाकत राहतात. डबीचा आणि पट्ट्याचा वरचा पृष्ठभाग एकाच दिशेने घासून मंद केलेला आहे, त्यावर रेघांचे अगदी बारीक केस दिसतात. पण कडेला एक अरुंद तिरकी पट्टी आरशासारखी गुळगुळीत ठेवली आहे. मंद आणि लखलखीत यांच्या सीमारेषेवरून नख फिरवले तर ती रेषा लागते. खर्च आवरून केलेल्या वस्तूंत या सीमारेषा हमखास विरघळलेल्या असतात, कडा घासून गोल झालेल्या असतात, आणि बघणाऱ्याला नेमके काय खुपते ते सांगता येत नाही. इथे ती सरळ आहे. आपल्यासारख्यांसाठी बनवलेल्या वस्तूतही कोणीतरी ही एक रेषा बिघडू दिली नाही, याचे मला फार अप्रूप आहे.

पट्ट्याचे कौतुक करताना त्याचा जाचही सांगायला हवा. कड्यांच्या आतल्या बाजूला कोरलेल्या बाणाच्या दिशेने खीळ ठोकून कड्या कमी करता येतात, पण एक कडी ठेवली तर सैल आणि काढली तर आवळ, अशी वेळ बऱ्याच मनगटांवर येते. उन्हाळ्यात दुपारी मनगट किंचित सुजते तेव्हा पोलाद जाणवते, आणि हिवाळ्यात सकाळी ते चटका बसावा इतके गार लागते. मात्र काही मिनिटांत त्याला अंगाची ऊब चढते आणि मग दिवसभर त्याचा विसर पडतो. वजन आहे, पण ते पट्ट्यात वाटले गेले आहे. डबी जड आणि पट्टा हलका असला की घड्याळ सारखे बाहेरच्या बाजूला कलंडते, तसे इथे होत नाही. अंगभर एकजीव असण्याचा हा फायदा चित्रात दिसत नाही, तो हातालाच कळतो.

आतले यंत्र पॉवरमॅटिक ८० या नावाने ओळखले जाते. एटा या कारखान्याचे २८२४ नावाचे एक दणकट, असंख्य घड्याळांत दशकानुदशके राबलेले यंत्र आहे. हे त्याच्याच वंशातले. पूर्वजाचा तोल सांभाळणारे चाक तासाला २८,८०० हेलकावे घेई आणि पूर्ण भरलेली स्प्रिंग सुमारे ३८ तास पुरे. नव्या यंत्रात हेलकावे २१,६०० वर आणले, मुख्य स्प्रिंग ज्या दांड्याभोवती गुंडाळली जाते तो बारीक करून तेवढ्याच पेटीत अधिक लांब स्प्रिंग बसवली, आणि ताकद ८० तासांपर्यंत पुरू लागली. शुक्रवारी रात्री आठ वाजता काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळीच नव्हे, तर मंगळवारच्या पहाटेपर्यंत चालत राहते. सेकंदाला सहा ठोके पडतात. म्हणून सेकंद काटा क्वार्ट्झसारखा उडी मारत नाही आणि अगदी वाहतही नाही, बारीक पावले टाकत सरकतो. आठ ठोक्यांच्या यंत्रात ती चाल आणखी तलम असते, आणि जाणकार त्या दोन ठोक्यांसाठी हळहळतात. मला स्वतःला ही सहाची चाल आवडते. डोळ्याला तिच्यात काम चाललेले दिसते. दिवसाला ५,१८,४०० ठोके, आणि त्यांतल्या प्रत्येकासाठी लागणारी ताकद माझ्याच हाताच्या हालचालीतून आलेली असते.

या सगळ्याच्या मधोमध केसाहून बारीक अशी सर्पिल स्प्रिंग आहे. तिचा गुण असा, की चाकाला ती प्रत्येक वेळी सारख्याच वेळात परत आणते. १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स यांनी ती कल्पना मांडली तेव्हापासून तिचे दोन शत्रू आहेत. उष्णता वाढली की साधे पोलाद मऊ पडते आणि घड्याळ मागे पडते. चुंबक जवळ आले की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखे पुढे पळते. पहिल्या शत्रूवरचा तोडगा शार्ल एदुआर गियोम यांच्या निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंतून मिळाला, आणि त्या संशोधनाबद्दल त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरा शत्रू आज आपण खिशात घेऊन फिरतो: मोबाइल, कानात घालायच्या इअरफोनची डबी, पर्सची चुंबकी कळ. त्यासाठी २०१८ मध्ये टिटॅनियमवर आधारलेला निव्हाक्रॉन नावाचा मिश्रधातू जाहीर झाला, आणि माझ्या घड्याळातली स्प्रिंग त्याचीच आहे. आता गंमत पाहा, हा धातू टिसॉट ज्यात मोडते त्या स्वॉच समूहाने ज्या कंपनीबरोबर मिळून विकसित केला, ती कंपनी म्हणजे ऑडमार पिगे. रॉयल ओक जिच्या घरचे, तिचाच हात लागलेली एक स्प्रिंग माझ्या आवाक्यातल्या घड्याळात धडधडते आहे. त्या गृहस्थांना हे सांगायला हवे होते असे मला पुष्कळदा वाटते. पण अशा गोष्टी जिना उतरून रस्त्यावर आल्यावरच सुचतात.

वेळेचे म्हणाल तर माझे घड्याळ दिवसाला काही सेकंद पुढे जाते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत आठ सेकंदांचा फरक पडला तरी तो दहा हजारांत एकाहून कमी भरतो. दिवसभर हातावर आपटत, तिरपे-उभे होत, ऊन-गारवा सोसत चाकांच्या आणि स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राकडून एवढे मिळावे, हे मला कमी वाटत नाही. शिवाय त्याचे काही लहरी स्वभाव हळूहळू कळतात. रात्री तबकडी वर करून ठेवले तर सकाळी ते किंचित पुढे असते. चावी खाली येईल असे आडवे उभे ठेवले तर पुढे गेलेले थोडे भरून निघते. गुरुत्वाकर्षणाने चाकाच्या आसावरचे घर्षण बदलते, त्याचा हा परिणाम. मी आता झोपताना त्या दिवसाच्या हिशेबाने त्याची कूस ठरवते. क्वार्ट्झला अशी कूस नसते. ते कसेही ठेवा, तितकेच बरोबर असते, आणि म्हणूनच ते आपण ठेवतो आणि विसरतो.

परवडणाऱ्या यांत्रिक घड्याळांचा इतिहास स्वित्झर्लंडपुरता नाही, आणि या बाबतीत जपानी कारखान्यांचे ऋण मोठे आहे. सीको ५ हे नाव १९६३ पासून चालत आले आहे. हातानेच चावी भरत राहावे लागू नये, वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसावी, पाण्याची भीती नसावी, चावी चारच्या आकड्याजवळ आत दडलेली असावी आणि डबी-पट्टा दणकट असावा, अशा पाच गोष्टी सामान्य माणसाला मिळाव्यात म्हणून ते नाव निघाले. आजही पहिले यांत्रिक घड्याळ घेणाऱ्या कितीतरी लोकांची सुरुवात तिथूनच होते. सिटिझनचे त्सुयोसा पाहिले की हीच एकजीव पट्ट्याची रीत अधिक मऊ, गोलसर वळणाने घेतलेली दिसते. त्याचीही चावी चारपाशी असल्याने ती हाताच्या पाठीला टोचत नाही. ही सगळी घड्याळे वापरण्यासाठी आहेत, तिजोरीत ठेवण्यासाठी नाहीत, आणि माझ्या दृष्टीने हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. खेळासाठी म्हणून जन्मलेला जो आकार पुढे इतका महाग झाला, की लोक तो घालून दार उघडायलाही बिचकतात, तो आकार इथे पुन्हा आपल्या कामावर रुजू झाला आहे. माझ्या घड्याळाच्या त्या आरशासारख्या तिरक्या पट्टीवर लिफ्टच्या दाराची एक आडवी खूण आहे. ती पडली तेव्हा जीव चरकला. आता तिच्यावरूनच मी ते दुरून ओळखते.

तरीही एक खंत उरते. १९७२ च्या त्या आरेखकाने मागे वळून पाहिले नव्हते. त्याच्यासमोर कोणताही जुना नमुना उघडून ठेवलेला नव्हता, आणि लोकांनी नाके मुरडली ती तेवढ्याचसाठी. आज आपण त्याच्या धाडसाला दाद देतो ती त्याचीच रेषा पुन्हा गिरवून. जवळपास प्रत्येक कंपनी आपली जुनी कपाटे उघडून बसली आहे, साठच्या आणि सत्तरच्या दशकातली चित्रे बाहेर येत आहेत, आणि ज्यांनी ते दिवस पाहिलेही नाहीत अशा तरुणांच्या मनात त्या दिवसांची ओढ पेरली जात आहे. जे आपण गमावलेच नाही, ते परत मिळाल्याचे समाधान विकणे सोपे असते. माझ्या आनंदात असा किती भाग असेल, हे मी प्रामाणिकपणे चाचपून पाहते आणि तो अगदी शून्य आहे असे म्हणवत नाही. मावसभावाच्या मनगटावरचे ते पोलाद कुठेतरी आत चमकतेच. पण जुने पुन्हा काढतानाही दोन रीती असतात. एक रीत तबकडी मुद्दाम पिवळसर करते, न झालेल्या झिजेचा रंग काट्यांवर चढवते. दुसरी रीत आकार घेते, त्याची प्रमाणे पुन्हा तपासते आणि आत आजचे यंत्र घालते. पहिल्या रीतीची घड्याळे मला पाहवत नाहीत. दुसरीत मला काम दिसते.

पुढची काळजी दुरुस्तीची आहे, आणि ती मी टाळू इच्छित नाही. जुन्या २८२४ मध्ये घड्याळ मागे-पुढे करायला एक छोटा दांडा असे. कोणताही बरा कारागीर पाठ उघडून तो केसभर सरकवी आणि काम होई. या यंत्रात तो दांडा नाही. वेग कारखान्यातच जुळवून दिलेला असतो, आणि काही वर्षांनी तेलपाण्याची वेळ आली की यंत्र उघडून साफ करण्यापेक्षा सबंध बदलून टाकणे सोयीचे, असा सल्ला मिळण्याचीच शक्यता अधिक. पट्ट्याचेही तेच. तो डबीच्या खास खाचेत बसतो, तिथे दुसरा साधा पट्टा चढत नाही. म्हणजे हे घड्याळ किती वर्षे जगेल, हे त्या खाचेचे पट्टे किती वर्षे मिळतील यावर बरेचसे अवलंबून आहे. मी एक जादाची कडी आणि काही खिळी जपून ठेवल्या आहेत, आणि वेळ येईल तेव्हा यंत्र बदलण्याऐवजी ते उघडून, धुऊन, पुन्हा जुळवून देणारा कारागीर शोधण्याचा माझा विचार आहे. ते महाग पडेल, कदाचित घड्याळाच्या किमतीच्या मानाने अवाजवी पडेल. पण त्या धातूतल्या सरळ रेषेवर ज्याने मेहनत घेतली, त्याच्या कामाला एवढे देणे लागते असे मला वाटते.

आणि समजा ते टिकलेच, आणखी चाळीस वर्षांनी ते कोणा जाणकाराच्या हातात गेलेच, तर त्याने ते उलटे करून पाहावे. पाठीची काच, सहा ठोक्यांची चाल, मंगळवारच्या पहाटेपर्यंत पुरणारी स्प्रिंग आणि मोबाइलच्या चुंबकाला न जुमानणारा तो टिटॅनियमचा वेढा पाहून त्याने एका क्षणात ओळखावे, की हे १९७२ चेही नाही आणि १९७८ चेही नाही. हे एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले आहे.